छेद पाहूनच कसं समजायचं, भागाकार थांबणार की नाही?

वावरधुरा
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहितोय. पोरगी आठवीत आहे. काल दिवसभर कापूस वेचून घरी आलो, हातपाय धुतले, तर ही ओट्यावर वही घेऊन रडकुंडीला आलेली. दोन अपूर्णांक होते, २१/२८ आणि २१/३६. भागाकार न करता सांगायचं होतं, दशांश रूप खंडित (म्हणजे थांबणारं) की अखंड आवर्ती (म्हणजे न थांबता तेच अंक परत परत येणारं). नियम तिला पाठ होता: छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असले तर खंडित, दुसरा कोणताही निघाला तर अखंड आवर्ती. तिने २८ = २ × २ × ७ केलं, ७ दिसला, 'अखंड आवर्ती' लिहून मोकळी झाली. मग खात्रीसाठी भागून पाहिलं तर ०.७५, दोन घरांत खलास! दुसरं भागलं तर ०.५८३३३३ आणि ते काही थांबेना.

माझं शिक्षण बारावी, तेही आर्ट्स. मी म्हटलं, भागून पाहा आणि लिही. त्यावर तिने जे विचारलं ते जसंच्या तसं मांडतो. नियम चुकला कुठे? दहा घरं भागून थांबलं नाही, तर अकराव्या घरात थांबणार नाही हे कशावरून? आणि २ व ५ मध्येच असं काय आहे? मला तिला नीट समजावून द्यायचं आहे, फक्त उत्तर नको.

झेडपी_मास्तर
दादा, नियम चुकला नाही, त्याचं पहिलं वाक्य निसटलं. अपूर्णांक आधी अतिसंक्षिप्त रूपात आणायचा, मगच छेदाकडे पाहायचं. २१/२८ मध्ये वरही ७ आहे, खालीही ७ आहे. दोन्ही उडाले, उरले ३/४. चारात फक्त २ × २, म्हणून खंडित. २१/३६ ला ३ ने भागलं की ७/१२ उरतं. बारात २ × २ × ३, तो ३ काही वरच्या सातातून कटत नाही. म्हणून अखंड आवर्ती.

बावीस वर्षं शिकवतोय, दर वर्षी निम्मा वर्ग इथेच पडतो. तुमच्या लेकीने भागून खात्री केली आणि उत्तर जुळेना म्हणून ती अस्वस्थ झाली, याचं मला फार कौतुक वाटतं. बहुतेक मुलं खात्री करतच नाहीत.

कॉटन_मार्केट
म्हणजे सातबारा दशांशात लिहिला तर ०.५८३३३... संपतच नाही! पोरीनं गणित बरोबर घरातलं निवडलं 😄

झेडपी_मास्तर
@कॉटन_मार्केट, हा मी उद्याच वर्गात सांगणार. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२, तो अपूर्णांक नाही, पण पोरांच्या लक्षात राहायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

गणितवेडी_वाशीम
तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. २ आणि ५ मध्ये स्वतःचं असं काही मोठं नाही. आपण दहाच्या हिशोबाने लिहितो आणि १० = २ × ५, एवढंच कारण.

०.७५ म्हणजे ७५/१००. ०.०२५ म्हणजे २५/१०००. दशांश संपला याचा अर्थच असा की तो अपूर्णांक १०, १००, १००० असा काहीतरी छेद घेऊन लिहिता आला. तर प्रश्न एवढाच उरतो, आपल्या छेदाला कशानेतरी गुणून १०, १००, १००० करता येईल का? ४ ला २५ ने गुणलं की १००. ४० ला २५ ने गुणलं की १०००. म्हणून एक गुंठा, म्हणजे १/४० एकर, बरोबर ०.०२५ एकर. हे तर आपल्याकडे शेळ्या राखणाऱ्या पोरालाही माहीत असतं.

आता १२ घ्या. १२ ला कशानेही गुणा, त्या उत्तरात ३ असणारच. आणि १०, १००, १०००, दहा लाख, काहीही घ्या, त्याच्या अंकांची बेरीज कायम १. ज्याला ३ ने भाग जातो त्याच्या अंकांच्या बेरजेलाही ३ ने भाग जातो. एकला तीनने भाग जाईल का? कधीच नाही. म्हणजे १२ ला गुणून १००० कधी होणार नाही, आणि ७/१२ कधी संपणार नाही. अकराव्या घरात नाही, अकरा हजाराव्या घरातही नाही. भागायची गरजच पडली नाही बघा.

७, ११, १३ यांनाही तेच. १०० चे तुकडे करत जा, २ आणि ५ शिवाय काही निघतच नाही.

वावरधुरा
ताई, अंकांच्या बेरजेचं तिला चटकन समजलं. "बाबा, शून्यं कितीही जोडली तरी बेरीज एकच" असं म्हणून उड्या मारतेय.

भरती_२४
एवढं कशाला, मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे. स्क्रीन भरून अंक आले की अखंड, मधेच थांबले की खंडित. मी परीक्षेच्या तयारीत असंच तपासतो.

गणितवेडी_वाशीम
@भरती_२४, भाऊ, असं करू नको, फसशील. बाजारातला साधा आठ अंकी कॅल्क्युलेटर घे आणि १/१०२४ कर. स्क्रीन भरून ०.०००९७६५ दिसेल. तुझ्या नियमाने अखंड. पण १०२४ म्हणजे दहा वेळा २ चा गुणाकार, दुसरं काही नाही. खरं उत्तर ०.०००९७६५६२५, दहा घरांत संपतं. कॅल्क्युलेटरला जागा पुरली नाही इतकंच. आता १/१७ कर. ०.०५८८२३५ दिसेल, एकही गट परत आलेला दिसणार नाही, कारण त्याचा आवर्ती गट १६ अंकांचा आहे. यंत्र आठच दाखवतं.

आणि परीक्षेत कॅल्क्युलेटर देतात का?

भरती_२४
नाही देत. 🙏 १/१०२४ करून पाहिलं, तुम्ही म्हणता तसंच आलं. वहीत लिहून घेतलं.

तिफन
(नातू टाइप करून देऊन रायला, सांगतो मी.)
आमच्या टायमाले दशांश कोणाले मालूम नव्हता बाप्पा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, हे समदे पाढे गुर्जी उभं करून म्हणून घेत. चुकला का छडी. अन् रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, पैशाच्या पै तीन.

मंग १ एप्रिल १९५७ ले नवे पैसे आले. रुपयाचे शंभर. मी तवा शाळेतच होतो. चार आण्याचे पंचवीस, आठ आण्याचे पन्नास, हे तं झालं सोपं. पण एका आण्याचे किती? सव्वासहा! आता सव्वासहा पैसे कोण देईन? दुकानदार सहाच द्यायचा, अन् माही माय त्याच्यावर लय चिडायची. "माह्या पाव पैशाचं काय केलं?" असं तोंडावर विचारे. चार येळा सामान आणलं का एक पैसा गेला, असा तिचा हिशोब होता, अन् थो बरोबर होता.

झेडपी_मास्तर
आजोबा, तुमचा प्रतिसाद सोन्याचा आहे. यात अख्खा धडा बसलाय. सोळा म्हणजे चार वेळा २, म्हणून १/१६ = ०.०६२५, चार घरांत संपतं. आणा खंडित. जुना पैसा १/६४ रुपया, सहा वेळा २, म्हणून सहा घरं: ०.०१५६२५. तोही खंडित. पण पैत तीन आला! रुपयाच्या १९२ पै, १९२ = ६४ × ३. एका पैचे नवे पैसे काढायला गेलं तर ०.५२०८३३३३... कधी संपणार नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, तुमच्या सगळ्या पाढ्यांत छेद २ किंवा ४. तीनचा भाग करणारा पाढा त्यात नाहीच.

वावरधुराच्या मुलीला सांगा, किती घरांत संपणार हेसुद्धा छेदच सांगतो. २ किती वेळा आणि ५ किती वेळा ते मोजायचं, जो आकडा मोठा तितकी घरं. ७/८० घ्या. २ चार वेळा, ५ एकदा. चार घरं: ०.०८७५. १३/२५० मध्ये ५ तीन वेळा, तर तीन घरं: ०.०५२.

संत्रीबाग
हे घरं मोजायचं आम्हाला कोणी कधी सांगितलंच नाही. वरुडहून वाचतेय, मुलगा नवोदयच्या तयारीला बसलाय, त्याच्यासाठी उतरवून घेतलं.

जरा तक्रार पण करते. गेल्या वर्षी त्याने एका सराव परीक्षेत ६/१५ ला 'खंडित' लिहिलं आणि गुण कापला. तपासणाऱ्यांनी १५ मध्ये ३ पाहिला आणि फुली मारली. ६/१५ म्हणजे २/५, म्हणजे ०.४! मी भेटून दाखवलं तर म्हणाले, उत्तरपत्रिकेत असंच आहे. गुणाचं दुःख नव्हतं. पोराला वाटलं आपलंच चुकलं, आणि बरोबर येत असलेलं गणित तो महिनाभर चुकीचं करत राहिला, याचं होतं.

झेडपी_मास्तर
ताई, वाचून वाईट वाटलं. त्याला एकदा सांगा, एका मास्तरने सांगितलंय की तुझंच बरोबर होतं.

बेंबळाकाठ
मला वेगळंच सांगायचं आहे, पण विषय हाच आहे. आमचं वडिलोपार्जित वावर दोन हेक्टर, पाच एकराला थोडं कमी. आम्ही तीन भाऊ. वडील गेल्यावर वाटणी ठरली. २ भागिले ३, ०.६६६६... कागदावर दोनच घरं धरायची होती, हेक्टर आणि आर. तर ०.६७, ०.६७ आणि ०.६६ असं मांडलं, बेरीज बरोबर २.००. पण ०.६६ कोणाला? एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळपास एक गुंठाच. थोरला म्हणे मी धाकट्यापेक्षा कमी का घेऊ, मधला म्हणे मी तर बोललोच नाही. चार महिने आम्ही एकमेकांच्या घरी चहा प्यायलो नाही. एका आरसाठी! त्या दिवसांत मला वाटायचं, हा तीनच आमच्या घरात शत्रू म्हणून आलाय.

कॉटन_मार्केट
मग सुटलं कसं?

बेंबळाकाठ
मामा आले. ते शिकलेले नाहीत. वावर चौकोनी आहे, दोन्ही टोकांचे धुरे सारख्या लांबीचे. त्यांनी एका टोकाच्या धुऱ्याइतका लांब दोर कापला, तो तीन पदरी दुमडला, टोकाला टोक लावून ओढून पाहिला, दुमडीवर चिंध्या बांधल्या. मग दोर उलगडून धुऱ्यावर ताणला आणि दोन्ही चिंध्यांजवळ खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या टोकालाही तेच. म्हणाले, "घ्या, आता मोजा कोणाले कमी आहे." कोणालाच कमी नव्हतं. कागदावर ०.६६ धाकट्याच्या नावे लिहिलं, म्हणजे माझ्या. पण वहितीत तिघांचे धुरे मामांच्या खुंट्यांवर आहेत, आजही.

हा धागा वाचताना पहिल्यांदा कळलं की तिसरा हिस्सा अपुरा नव्हता. तो लिहायची आमची पद्धत अपुरी पडत होती.

गणितवेडी_वाशीम
हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. १/३ पूर्ण आहे, बरोबर आहे, दोराला तो जमतो. दहाच्या घरांनाच तेवढा जमत नाही.

आपल्याच लोकांनी दिवसाच्या ६० घटका केल्या होत्या, एक घटका २४ मिनिटांची. साठमध्ये २, ३ आणि ५ तिन्ही आहेत. म्हणून दिवसाचा तिसरा हिस्सा बरोबर २० घटका, काही उरत नाही. तासाचंही तेच, तासाचा तिसरा हिस्सा २० मिनिटं. दहाऐवजी बाराच्या हिशोबाने अंक लिहिले असते तर १/३ एका घरात संपला असता, आणि १/५ मात्र कधीच संपला नसता. अंगठ्याने चार बोटांची पेरं मोजली की बारा होतात, आमची आजी तशीच मोजायची.

परदेशी_वऱ्हाडी
मूळ कारंज्याचा, सध्या संगणकाच्या कामात. वरच्या प्रतिसादाला पुरावा देतो. संगणक दोनच्या हिशोबाने लिहितो, त्याच्याकडे ५ नाही. त्यामुळे १/१० ही आपल्यासाठी सर्वात सोपी गोष्ट त्याला कधीच पूर्ण लिहिता येत नाही, तिथे ती अखंड आवर्ती होते. बऱ्याच संगणकीय भाषांत ०.१ + ०.२ केलं तर ०.३०००००००००००००००४ येतं. नोकरीला लागलो तेव्हा मी दोन दिवस आपली चूक शोधत होतो. म्हणून पैशाचे हिशोब करताना रुपयात न करता पैशांच्या पूर्णांकात करायचे, हे मी पुढे नेहमी पाळलं. तिफन आजोबांच्या आईला हे आधीच कळलं होतं.

पाऊसपाणी
एक शंका. १/३ = ०.३३३... आणि त्याची तिप्पट ०.९९९..., पण तिप्पट तर १ व्हायला हवी. कणभर कमी पडतंच ना?

भरती_२४
हो, माझंही तेच म्हणणं आहे. ०.९९९ आणि १ मध्ये फरक आहेच.

गणितवेडी_वाशीम
०.९९९ वर थांबलात तर फरक आहे, एक हजारांश. न थांबलेल्या ०.९९९... मध्ये नाही. त्याला 'क्ष' म्हणा. दसपट ९.९९९... त्यातून क्ष वजा करा, मागचे सगळे नऊ निघून गेले, उरले ९. म्हणजे ९ क्ष = ९, क्ष = १. बेंबळाकाठ यांचा एक आरही असाच, दुसऱ्या घरावर थांबलो म्हणून भांडण झालं.

हीच युक्ती उलटीकडूनही चालते. ०.५८३३३... ची हजारपट ५८३.३३३..., शंभरपट ५८.३३३..., वजा केलं की ९०० क्ष = ५२५. ५२५/९०० ला संक्षिप्त करा, ७/१२ परत हातात.

पाऊसपाणी
पटलं. म्हणजे ९०% पटलं, उरलेलं रात्री पडल्या पडल्या पटेल.

कॉटन_मार्केट
९९.९९९...% म्हणा की!

झेडपी_मास्तर
मंडळी, धागाकर्त्याच्या मुलीचा दुसरा प्रश्न अजून अर्धाच सुटलाय. थांबणार नाही हे ताईंनी दाखवलं. पण थांबला नाही तरी अंक *परत तेच* का येतात? वाटेल तसे का नाही येत?

दादा, मुलीला १ भागिले ७ करायला लावा, पण भागाकाराकडे पाहू नका म्हणावं, बाकीकडे पाहा. बाकी येते ३, २, ६, ४, ५, १. सातने भागताना बाकी १ ते ६ याच येऊ शकतात, शून्य आली तर काम संपलं. समजा गोठ्यात सहा खुंट आहेत आणि जनावरं एकामागून एक येतायत. सातवं आलं की त्याला आधीच्या कोणाच्या तरी खुंटाला बांधावंच लागेल. बाकी परत तीच आली की पुढचा भागाकारही तोच, त्याची बाकी तीच, आणि सगळं चक्र पुन्हा. म्हणून १४२८५७, १४२८५७. छेद कितीही मोठा असो, खुंट मोजकेच असतात.

यावरूनच ज्याचे अंक कधीच असे परत येत नाहीत, तो अपूर्णांक असूच शकत नाही. २२/७ चे अंक परत येतात, पायचे (वर्तुळाच्या π चे) येत नाहीत. २२/७ म्हणजे पाय नव्हे, हेही जाता जाता सांगून टाका.

वावरधुरा
मास्तर, काल रात्री जेवणं झाल्यावर तिने ओट्यावर खडूने सहा खुंट काढले आणि प्रत्येकाला नंबर दिला. भागत गेली तसतशी बाकीच्या नंबरावर तुरीचा एकेक दाणा ठेवत गेली. १ चा दाणा सगळ्यात शेवटी पडला. "बाबा, जिथून निघालो तिथंच आलो!" तिची आईसुद्धा भांडी टाकून पाहायला आली. मग ७/१२ केलं. बाकी १०, मग ४, मग पुन्हा ४. "हा चारच्या खुंटाला अडकला, म्हणून तीन तीन तीन" हे तिनेच सांगितलं, मी नाही.

आता तिने नवीनच काढलंय. १/१३ केलं, बारा खुंट काढले. ०.०७६९२३ वर चक्र पूर्ण झालं आणि सहाच खुंट भरले: १०, ९, १२, ३, ४, १. ती विचारतेय, बाकीचे सहा रिकामे का? कोणाचे आहेत ते? मला काही सांगता येईना.

झेडपी_मास्तर
उत्तर सांगत नाही, तिचा आनंद जाईल. तिला म्हणावं, १/१३ ऐवजी २/१३ भाग.

तिफन
लेकरू हुशार आहे. माह्या नातवालेही तुरीचे दाणे देतो आता.

वावरधुरा
भागलं! ७, ५, ११, ६, ८, आणि शेवटी २. नेमके रिकामे राहिलेले सहा. ०.१५३८४६. मास्तर, ती अर्धा तास नुसती ते दाणे पाहत बसली होती. आता १७ साठी सोळा खुंट काढतेय, ओटा पुरत नाही म्हणून अंगणात गेलीय.